मुरुम गावाखालचा मुरूम: भूजलाच्या इतिहासातून पर्यावरणाच्या काही संकल्पना

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा संपली की पुढचा डोंगर म्हणजे सिनॉप्सिस. पर्यावरणाशी जोडलेला विषय घेणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये 'शाश्वत विकास', 'वहनक्षमता', 'सामायिक संसाधने' हे शब्द पहिल्याच पानावर येतात आणि बहुतेक वेळा तिथेच राहतात. नेट-सेटच्या गाईडमधून व्याख्या पाठ झालेल्या असतात, त्यामुळे लिहायला अडचण येत नाही. अडचण येते मुलाखतीत, कुणी 'तुमच्या गावात याचा अर्थ काय होतो?' असं विचारलं की. म्हणून आज उलट्या बाजूने जाऊ. आधी गाव घेऊ, मग व्याख्या. गाव मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव.

हेच गाव का, तर एक कारण त्याच्या नावात आहे. मुरूम हा शब्द तुम्हाला रस्त्यावर टाकतात त्या तांबूस खडीमुळे माहीत असेल. गावाला हे नाव त्यावरूनच पडलं असा माझा दावा नाही, स्थलनामांच्या व्युत्पत्तीत असे सोपे जोड लावू नयेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने योगायोग चांगला आहे, कारण मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी मुख्यतः ज्या थरात साठतं, तो थर मुरुमाचाच. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो ताजा असताना लोखंडासारखा घट्ट असतो, पाण्याला जागाच नसते. हवा-पाण्याने तो वरून कुजत आला, त्याचा मुरूम झाला, त्याखालच्या खडकाला भेगा पडल्या. वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळ खडक, मग घट्ट पाषाण. विहीर खणणारे वडार आणि गावचे पाणाड्ये हा क्रम भूगर्भशास्त्राच्या पुस्तकाआधी ओळखत होते.

आता थोडा हिशोब करू. वही-पेन घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

भूजलाचा अंदाज काढताना आपल्याकडे अशा झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टची विशिष्ट उत्पन्नक्षमता साधारण २ टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर खडक पूर्ण भिजलेला असला तरी त्यातून विहिरीला दोनच घनमीटर पाणी सुटतं. एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर हाताला काय लागतं? १० हजार चौरस मीटर गुणिले एक मीटर, त्याचे दोन टक्के: २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. आता भरण बघा. पाऊस ७०० मिलिमीटर धरू, त्यातला दहावा हिस्सा खाली मुरतो असं मानू. (बेसाल्टसाठी हे प्रमाण खडकाच्या प्रकारानुसार साधारण ६ ते १४ टक्के धरलं जातं, म्हणून मधला आकडा.) झाले ७० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ७०० घनमीटर, ७ लाख लिटर. आणि हेच ७० मिलिमीटर दोन टक्क्यांच्या खडकात मावायला साडेतीन मीटर जाडीचा थर लागतो.

या साडेतीन मीटरकडे नीट बघा. एका पावसाळ्यात विहीर दहा-बारा फूट चढते आणि लोक म्हणतात, यंदा पाणी लई झालं. चढ मोठा दिसतो, कारण भांडं लहान आहे. भांडं लहान म्हणजे ते लवकर भरतं, भरल्यावर उरलेलं पाणी ओढ्या-नाल्याला जातं, आणि उपसलं की तितक्याच लवकर रिकामं होतं. पंजाबच्या गाळाच्या मैदानात माणसं अनेक दशकं भरणापेक्षा जास्त उपसा करत राहू शकली, कारण खाली शेकडो फूट वाळू आहे. बेसाल्टमध्ये चूक एका उन्हाळ्यात कळते. तुम्ही पाठ केलेल्या 'साठा' आणि 'प्रवाह' या दोन शब्दांतला फरक हा. भूजल 'पुनर्नवीकरणीय' आहे असं एका शब्दात उत्तर लिहून मोकळं होऊ नका. मुरुमातलं पाणी दरवर्षी नवं होतं, पण ते एका वर्षाच्या पगारासारखं आहे. बँकेत ठेव अशी फारशी नाही.

याच हिशोबाच्या शेजारी ऊस ठेवा. उसाला पूर्ण वाढीला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. पाटाने मोकळं पाणी सोडलं तर त्याहून जास्तच. पावसाचा थेंब न थेंब पिकाला लागू पडला अशी उदार कल्पना केली तरी १३०० मिलिमीटर बाहेरून द्यावं लागतं. हेक्टरी १३ हजार घनमीटर. वरच्या भरणाने भागलं की उत्तर येतं साडेअठरा. म्हणजे विहिरीच्या पाण्यावर एक हेक्टर ऊस उभा करायला साडेअठरा हेक्टरांवर मुरलेला पाऊस लागतो. दिलेल्या पाण्यातलं काही परत झिरपतं हे खरं, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. पण तो एकाच्या जवळपास येत नाही. रब्बीची ज्वारी काळ्या मातीतल्या ओलीवर निघते, विहिरीला फारसा हात लावत नाही. वहनक्षमता ती हीच. मुरुमलाच विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे, आणि उसाला खात्रीचा भाव मिळतो हेही तितकंच खरं आहे. ऊस लावणारा शेतकरी अडाणी म्हणून लावत नाही. हे मान्य न करता लिहिलेला प्रबंध फक्त उपदेश होतो.

मग प्रश्न पडतो, पूर्वी हे भांडं का रिकामं होत नव्हतं? 'जुनी माणसं निसर्गाशी एकरूप होती' हे उत्तर मी बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये वाचलंय. मला ते पटत नाही. जुन्या माणसांकडे मोट होती, हे जास्त साधं उत्तर आहे. मोटेला बैल लागतात, बैलाला वैरण लागते, नाडा, सोंदूर, चाक, धाव, हाकणारा माणूस लागतो. पाणी खोल गेलं की प्रत्येक खेपेला धाव लांबते आणि बैल थकतात. उपशावरची मर्यादा कायद्यात नव्हती, ती बैलाच्या खांद्यात होती. इंजिन आलं, मग वीज आली, मग पाण्यात बुडणारी मोटर आली, आणि ती मर्यादा गेली. तिच्या जागी दुसरी मर्यादा कुणी ठेवली नाही. पर्यावरणाच्या इतिहासात तंत्रज्ञानाकडे असं बघायला शिका: यंत्राने काय दिलं हे सगळेच लिहितात, कोणता अडसर काढला हे कमी जण.

याच भागात पाण्याच्या इतिहासाचा एक भव्य पुरावा आहे, तो म्हणजे नळदुर्गचा किल्ला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, बोरी नदीच्या वळणात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा नदीवर बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली की नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षं झाली, बंधारा उभा आहे. यालाच शाश्वत म्हणायचं का? बांधकाम टिकलं, यात वाद नाही. पण ते पाणी मुळात होतं किल्ल्याचं. शिवारातल्या कुणब्याचा त्यावर काय हक्क होता, हा वेगळा प्रश्न आहे, आणि बंधाऱ्याचा दगड त्याचं उत्तर देत नाही. संसाधन टिकलं का हा एक प्रश्न, कुणासाठी टिकलं हा दुसरा. (जाता जाता: हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने जर्मन जंगलांबद्दल लिहिताना 'टिकून राहील असा वापर' ही कल्पना मांडली ती १७१३ साली, नळदुर्गनंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यालाही चिंता होती खाणींना लागणाऱ्या लाकडाची, जंगलातल्या माणसांची नव्हे.)

१८५३ साली निजामाने इंग्रजांशी केलेल्या तहात वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजी कारभाराखाली गेला आणि नळदुर्गला मेडोज टेलर अधिकारी म्हणून आला. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. १८५७पर्यंत तो इथे होता आणि त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. १८६०मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. आपल्यासाठी महत्त्वाचं इतकंच की इंग्रजी असो की निजामी, दोन्ही राजवटींत जमीन मोजली गेली, तिची प्रत ठरली, सारा ठरला. जमिनीखालचं पाणी मात्र कुणी मोजलं नाही. जमिनीला मालक होता, पाणी त्या मालकाच्या मागे आपोआप गेलं. १८८२च्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुविधाधिकार कायद्यातही तीच धारणा आहे: आपल्या जमिनीखालचं, ठरीव प्रवाहात न वाहणारं पाणी मालकाने हवं तेवढं काढावं. अडचण अशी की पाण्याला सातबारा कळत नाही. माझ्या बोअरने ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून येतं.

आता १९७२. या सालाला दोन इतिहास आहेत आणि ते क्वचितच एका पानावर येतात. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली, इंदिरा गांधी तिथे बोलल्या. त्याच वर्षी 'वाढीच्या मर्यादा' हा गाजलेला अहवाल निघाला. आणि परिषद संपून महाराष्ट्रात पावसाची वाट बघायची वेळ आली तेव्हा पाऊस आला नाही. मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की आजही स्टॉकहोम कुणाला आठवत नाही. आठवते सुकडी, मिलो, खडी फोडण्याचं काम. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला (१९७७), आणि पाझर तलावही गावोगाव त्या काळातच वाढले. पाझर तलाव म्हणजे मुरुमाचं भांडं भरायची सोय, हे आता तुमच्या लक्षात येईल.

पण बहात्तरने आणखी एक गोष्ट आणली. पिण्याच्या पाण्यासाठी खडक फोडणारी छिद्रणयंत्रं गावात आली. बोअरची गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, संकटातली मदत म्हणून. हातपंपाने किती बायांची पायपीट वाचवली त्याचा हिशोब नाही. पुढे तेच यंत्र खाजगी झालं, शेतात शिरलं, आणि दोनशे फूट, चारशे फूट असं खाली जात राहिलं. मुरुमाचा थर तर वरच संपलेला. त्याखाली पाणी फक्त भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या फटीत. तिथलं पाणी बरेचदा वरच्याच थरातून उतरलेलं असतं. म्हणजे खोल बोअरवाल्याला पुष्कळदा नवं पाणी लागत नाही, शेजारच्या साध्या विहिरीचं पाणी खालून निघून येतं. विहीर आटते ती आधी कुणाची, तर ज्याला दुसरा बोअर मारायला पैसे नाहीत त्याची. अर्थशास्त्राच्या पेपरात 'बाह्यता' म्हणून जे लिहिता, ते हे.

मराठवाड्यात मुलाखती घ्यायला गेलात तर एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल: बहात्तरला खायला नव्हतं पण पाणी होतं, आता खायला आहे पण पाणी नाही. हे वाक्य टिपून घ्या, पण जसंच्या तसं निष्कर्षात टाकू नका. पाणी होतंच, तर छिद्रणयंत्रं कशाला आणावी लागली? तरी वाक्य खोटंही नाही. पाऊस कमी पडणं हा एक दुष्काळ, पीक जाणं हा दुसरा, आणि विहिरी-धरणं कोरडी पडणं हा तिसरा. हवामानाचा, शेतीचा आणि जलशास्त्रीय अशी त्यांची पुस्तकी नावं आहेत. बहात्तरचा घाव मुख्यतः पिकावर आणि मजुरीवर होता. अलीकडचे दुष्काळ विहिरीत घडतात, आणि ते पाऊस फार कमी नसलेल्या वर्षीही घडू शकतात. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतून आलेलं पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर. वरचा हिशोब आठवा: एका हेक्टरावर एका पावसाळ्यात मुरणारं पाणी ७ लाख लिटर. देशभर बातमी झालेली ती गाडी एका हेक्टराच्या पावसापेक्षा कमी पाणी घेऊन आली होती.

इथे गाईडमधला सगळ्यात लाडका सिद्धांत येतो. गॅरेट हार्डिनने १९६८ साली 'सायन्स'मध्ये लिहिलं की सामायिक कुरणावर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. बोअरच्या चढाओढीला हे चित्र चपखल बसतं, म्हणून विद्यार्थी ते लगेच लावतात. थांबा. हार्डिनचं कुरण कुणाचंच नव्हतं, कुठला नियमच नसलेलं. पण मुक्त प्रवेश आणि सामायिक मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ठामपणे दाखवलं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा विषय भूजलच होता: लॉस एंजेलिसजवळचं एक खोरं, जिथे उपसा वाढून समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं आणि उपसणारेच एकत्र बसून नियम करत होते. १९६५चा तो प्रबंध. १९९०मध्ये त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल.

आपल्याकडे हे पुस्तकाआधी घडलेलं आहे. धुळ्या-नाशकाकडची फड पद्धत तर शतकांची जुनी. आणि बहात्तरच्याच दुष्काळातून विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचताना धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. पाण्याला जमिनीपासून सोडवलं, हा मुद्दा बघा. टेलरच्या मोजणीपासून जी गाठ बसलेली होती ती नायगावात सुटली. मग अशी पंचायत सगळीकडे का झाली नाही? माझ्या मते विषय घ्यायचा तर हा घ्यावा. मुरुमसारख्या ठिकाणी नियम करायचा म्हटलं तर एका बाजूला कारखान्याचं अर्थकारण आहे, दुसऱ्या बाजूला आधीच लाखो रुपये बोअरमध्ये घातलेला शेतकरी. त्याला आपण 'उपसा थांबव' म्हणतो तेव्हा त्याचं कर्ज कोण फेडणार?

सरकारने कायदे केले. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला अटकाव आला. त्यानंतरचा भूजल कायदा २००९चा, प्रत्यक्ष लागू झाला २०१४मध्ये. त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी वेगळ्या काढून त्यांच्यावर निर्बंध घातले. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटाला थोडं कमी. कोणत्याही बोअरवाल्याला विचारा, गाडी साधारण किती फुटांवर थांबते. कायदा आणि शिवार यांच्यातलं अंतर तुम्हाला फुटांत मोजता येईल.

तंत्राचं म्हणाल तर ठिबक चांगलंच आहे, पण त्याला रामबाण म्हणण्याआधी विल्यम जेव्हन्स वाचा. १८६५ साली त्याने दाखवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. ठिबकने वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं की दुसऱ्या दोन एकर उसाला गेलं, हे शेतावर जाऊन बघितल्याशिवाय 'बचत' हा शब्द लिहू नका.

शासकीय वर्गवारीही अशीच जपून वापरा. वार्षिक उपसा भागिले उपलब्ध भूजल: ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९०पर्यंत अंशतः शोषित, १००पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. हे सरासरीचं गणित आहे. एखादा पाणलोट कागदावर 'सुरक्षित' असतो आणि त्यातल्याच माथ्यावरच्या वस्तीला मार्चमध्ये टँकर लागतो. शिवाय तालुका किंवा जिल्हा हे एकक पाण्याला लागू पडत नाही. धाराशिव जिल्हाच बालाघाटाच्या डोंगराने दोन खोऱ्यांत वाटलेला आहे: काही पाणी मांजरेवाटे गोदावरीला, काही भीमेवाटे कृष्णेला. मुरुमकडचं पाणी कर्नाटकाकडे उतरतं. मुरुममध्ये काय मुरतं आणि काय वाहतं याचा संबंध आळंद-कलबुर्गीकडच्या शिवाराशी जास्त, परंड्याशी कमी. 'धाराशिव जिल्ह्यातील भूजल' असं शीर्षक घेताना हे सांभाळा.

पुराव्यांचं म्हणाल तर सुरुवात जनगणनेच्या जुन्या जिल्हा पुस्तिकांपासून करा. त्यांत गाववार यादीत पिण्याच्या पाण्याचा रकाना असतो: विहीर, नदी, नळ, हातपंप. एकाच गावाची नोंद दशकामागून दशक एकाखाली एक लिहिली की विहिरीपासून बोअरपर्यंतचा प्रवास एका पानावर येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या त्याच्या शेजारी ठेवा. निजामी काळासाठी हैदराबादचं, तारनाक्यातलं अभिलेखागार आहे. त्यातलं बरंच उर्दूत आणि फारसीत, म्हणजे लिपी शिकायला सहा महिने धरा. मोडी येत असेल तर गावातल्या जुन्या घरांतले विहिरीच्या वाटणीचे कागद बघायला मागा. कोणत्या भावाने आठवड्यातले कोणते दिवस मोट चालवायची हे त्यात लिहिलेलं असू शकतं. असा कागद मिळाला तर फोटो काढण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या, आणि त्या विहिरीला आज पाणी आहे का हे तिथेच, त्यांच्यासमोर, वाकून बघून घ्या.